नकार द्यायचा असेल तर वेळेवर द्या

मुळशी तालुका, जि. पुणे
१० मार्च २०२६

परदेशी विद्यापीठांत शिकवणाऱ्या आणि तिथल्या प्रवेश समित्यांवर काम करणाऱ्या मराठी प्राध्यापकांस,



मी मुळशी धरणाच्या पाण्याला लागून असलेल्या एका वाडीत राहते. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलं, आता पिरंगुटजवळच्या एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. डिसेंबरात मी अमेरिकेतल्या आठ विद्यापीठांकडे अर्ज पाठवले, पाच पीएच.डी.साठी आणि तीन एम.एस.साठी. दोन ठिकाणांहून फेब्रुवारीत नकार आला. त्या दोन्ही समित्यांची मी ऋणी आहे. हे मी मनापासून लिहिते आहे. का, ते पुढे येईलच. उरलेल्या सहा पोर्टलवर तीन महिने झाले तरी ‘अंडर रिव्ह्यू’ एवढे दोनच शब्द आहेत.

मैत्रीण म्हणाली, इंग्रजीत लिही, तिकडे मराठीत कोण वाचणार? पण मला तुम्हालाच लिहायचं होतं. तुमच्यापैकी कुणी सत्तरच्या दशकात गेलं, कुणी नव्वदच्या. कुणी पुण्या-मुंबईहून, कुणी सांगली-नागपूरहून. जाड पाकीट आलं की प्रवेश आणि पातळ आलं की नकार, हे आम्ही तुमच्याच पिढीकडून ऐकलं. पोस्टमनची सायकल गल्लीत वळली की पोटात कसा गोळा यायचा, ते तुम्हाला सांगायला नको. समितीच्या टेबलाभोवती जेवढी माणसं बसतात, त्यांत सातबारा म्हणजे काय आणि पुण्यात अडुसष्ट टक्के मिळवायला काय लागतं, हे माहीत असलेले कदाचित तुम्ही एकटेच असाल. म्हणून हे गाऱ्हाणं तुमच्या दारात आणलं आहे.

तुमचे निकाल तुमच्या कचेरीच्या वेळेत सुटतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा आमच्याकडे पहाटेचे साडेतीन झालेले असतात. परवा, ८ मार्चला, तिकडची घड्याळं तासाने पुढे गेली, तेव्हापासून अडीच. आमच्या घरात मोबाइलची रेंज ओट्याच्या एकाच कोपऱ्यात येते. जानेवारीत धरणावरून असा गार वारा सुटतो की गोधडीतूनही बोटं बधिर होतात. मी त्या कोपऱ्यात बसून एकेक पोर्टल उघडते, पासवर्ड टाकते, तेच दोन शब्द वाचते आणि पुढचं उघडते. आतून आई विचारते, “आलं का गं काही?” मी नाही म्हणते. ती कूस बदलते, पण झोपलेली नसते. बांगड्या वाजतात त्यावरून कळतं. सकाळी सातला तिला चुलीपाशी आणि मला पिरंगुटच्या गाडीत बसायचं असतं.

कधी पोर्टलवरची तारीख बदलते आणि बाकी काहीच बदलत नाही. कुणी अर्ज उघडला असेल का? का यंत्राने आपोआप काही केलं? या एका तारखेवर आम्ही चार मैत्रिणी दोन-दोन दिवस बोलत राहतो. तुमच्या कचेरीत ती तारीख कुणाच्या लक्षातही आली नसेल.

वाट पाहणं आम्हाला नवीन नाही. आम्ही भात पिकवणारी माणसं, घरचा आंबेमोहोर आहे. पावसाची वाट पाहण्यात आमच्या पिढ्या गेल्या. पण पावसाला नक्षत्रं असतात. मृग कोरडा गेला की आर्द्रावर नजर ठेवायची, रोप करपलं तर पुन्हा टाकायचं, हे आजोबांना ठरवता यायचं. तुमच्या उत्तराला नक्षत्र नाही. ते फेब्रुवारीत येईल की मेमध्ये, का येणारच नाही, हे कुठेही लिहिलेलं नसतं. माझ्या एका मैत्रिणीला गेल्या वर्षी एका विद्यापीठाचा नकार जुलैत आला आणि दुसऱ्या एकाचा अजून यायचा आहे.

उशिरा आलेल्या उत्तराने इथे काय होतं, ते मला सविस्तर सांगू द्या, कारण तिकडून ते दिसत नसेल.

प्रयोगशाळेतला माझा करार ३१ मार्चला संपतो. पुढच्या वर्षाचा कागद त्याआधी भरून द्यायचा आहे. वर्षभर राहीन असं लिहून दिलं आणि ऑगस्टमध्ये निघाले, तर तो साहेबांचा विश्वासघात. नाही लिहिलं आणि प्रवेशही मिळाला नाही, तर घरात एक पगार कमी. गेटचा निकाल याच महिन्यात आहे, आयआयटींच्या पीएच.डी.चे अर्ज मार्च-एप्रिलमध्ये बंद होतात. जर्मनीतल्या अनेक विद्यापीठांची हिवाळी सत्राची मुदत १५ जुलैला संपते, पण त्याआधी भारतीय विद्यार्थ्याला कागदपत्रांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्र काढावं लागतं आणि त्यात आठवडे जातात. फेब्रुवारीत नकार देणाऱ्या त्या दोन विद्यापीठांनी मला हे रस्ते मोकळे करून दिले. त्यांची ऋणी आहे ती एवढ्यासाठी. जुलैतल्या नकाराचं मी काय करू?

आणि बँक. आमच्या तालुक्यात जमिनीला सोन्याचा भाव आहे. हिंजवडी आमच्याच तालुक्यात; भूगाव, भुकूम, लवळे, पौड करत बंगल्यांच्या स्कीमा धरणापर्यंत येऊन भिडल्या आहेत. पण शिक्षणकर्जाला शेतजमीन बहुतेक बँका तारण घेत नाहीत. बिगरशेती झालेला तुकडा हवा, नाहीतर शहरातलं घर. सातबाऱ्यावर वडिलांचं नाव आहे, भात पिकतंय, रस्त्याकडेच्या गुंठ्याला लोक मागाल ती किंमत मोजतायत, आणि बँकेच्या खिडकीवर त्या कागदाला काही अर्थ नाही. एम.एस.ला प्रवेश मिळाला तर तारण म्हणून कोथरूडच्या मावशीच्या फ्लॅटचे कागद ठेवायचे, असं नोव्हेंबरात ठरलं. मावशीला तो फ्लॅट विकून मुलाला धंद्यात मदत करायची होती. तिने सौदा थांबवला आहे. ती मला काही विचारत नाही. फोनवर फक्त म्हणते, “तुझं नक्की झालं की सांग.” बँकेत गेलं की पहिला प्रश्न, ॲडमिशन लेटर कुठंय? ते नसेल तर फाइल उघडतच नाही.

ते पत्र आलं की पुढची साखळी सुरू होते. कर्जमंजुरी, ती दाखवून विद्यापीठाकडून आय-ट्वेंटी, मग साडेतीनशे डॉलरची सेविस फी, मग व्हिसाची तारीख, मग वांद्रे-कुर्ला संकुलातली मुलाखत. गेल्या वर्षी २७ मेपासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत विद्यार्थी व्हिसाच्या नव्या तारखा देणंच थांबलं होतं. ज्यांना मार्चमध्ये उत्तर मिळून तारखा हाती आल्या होत्या, ते वाचले. ज्यांना तुमचं पत्र मेमध्ये मिळालं, ते त्या तीन आठवड्यांत सापडले. समितीच्या बैठकीत एखादी फाइल पुढच्या पंधरवड्यावर ढकलली जाते, तेव्हा इथे काय काय ढकललं जातं, ते आता तुमच्या ध्यानात आलं असेल.

पहिल्या चाळणीत गळलेले अर्ज कोणते, हे तुम्हाला जानेवारीच्या अखेरीस ठाऊक असतं. त्यांना तेव्हाच कळवा. आम्ही नाराज होऊ, दोन दिवस जेवण जाणार नाही, आणि मग दुसऱ्या कामाला लागू. ज्यांना प्रतीक्षा यादीत ठेवलं आहे, त्यांना तसं स्पष्ट सांगा. ‘अंडर रिव्ह्यू’ या पडद्यामागे ठेवू नका. १५ एप्रिलचं बंधन काय आहे, ते मला माहीत आहे. तुमच्या विद्यापीठांनी मिळून ठरवलं आहे की आर्थिक मदतीसह आलेल्या प्रवेशाला विद्यार्थ्याने त्या तारखेपर्यंत उत्तर द्यावं, त्याआधी त्याच्यावर घाई लादू नये. चांगला नियम आहे. पण त्यामुळे १४ एप्रिलच्या रात्रीपर्यंत जागा अडून राहतात आणि रांगेत मागे उभे असलेले आम्ही तिथपर्यंत श्वास रोखून असतो. इथे माझ्याच बरोबरीच्या मुलांनाही विनंती करते. ज्यांच्या हातात तीन-तीन प्रवेश आहेत आणि कुठे जायचं ते मनाशी ठरलं आहे, त्यांनी उरलेले दोन आजच सोडावेत. दारावरची पाटी म्हणून ते जपून ठेवू नका, त्या जागेवर कुणीतरी ताटकळतंय.

आता पैशांचं बोलते. जीआरईला सुमारे बावीस हजार रुपये, टोफेलला सोळा-सतरा हजार, आणि प्रत्येक अर्जाची फी पंचाहत्तर ते सव्वाशे डॉलर. शंभर डॉलर म्हणजे आज नऊ हजार रुपयांच्या आसपास. चार विद्यापीठांपर्यंत गुण फुकट जातात, पाचव्यापासून पुन्हा पैसे. माझा पगार महिना एकोणीस हजार. आठ अर्जांचा हिशोब लाखाच्या वर गेला, तो मी सव्वा वर्ष साठवून भरला. फी माफीचा रकाना तुमच्या बहुतेक अर्जांत असतो, पण खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की ही सवलत नागरिकांना आणि कायम रहिवाशांना. २०२३-२४ या वर्षी अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि त्या वर्षी आपण चीनला मागे टाकलं. एवढी मुलं येतात, तेव्हा त्यांतली जी खरोखर फी भरू शकत नाहीत, त्यांच्यासाठी एक खिडकी ठेवणं विद्यापीठाला जड नाही.

त्याहून टोचणारी गोष्ट वेगळी आहे. गेल्या वर्षी मार्चमध्ये यूमास चॅन वैद्यकीय विद्यालयाने सरकारी निधीच्या अनिश्चिततेमुळे पीएच.डी.चे दिलेले प्रवेश मागे घेतले. इतरही ठिकाणी जागा कापल्या गेल्या. निधी तुमच्या हातात नाही, हे कळतं. पण एखादा विभाग यंदा कुणाला घेणारच नसेल किंवा दोनच घेणार असेल, तर अर्जाच्या पहिल्या पानावर तसं लिहा. आणि अर्ज घेतल्यावर जागाच रद्द झाल्या तर फी परत करा. ज्या जागा नव्हत्याच, त्यांच्यासाठी पैसे घेतले गेले, असं आमच्या मनात राहायला नको.

गुणांचा घोळ तर तुम्हीच सोडवू शकाल. आमच्याकडे साठ टक्के म्हणजे प्रथम श्रेणी, सत्तर म्हणजे विशेष प्रावीण्य. काही पोर्टल शंभरपैकी अडुसष्ट घेऊन सरळ चारने गुणतात आणि शंभराने भागतात. उत्तर येतं २.७२. तो आकडा बघून तिथला माणूस म्हणेल, ही मुलगी यथातथाच. माझ्या वर्गात मी दुसरी होते. तुम्ही त्या टेबलावर असताना हे एकदा बोलून दाखवा, एवढंच माझं म्हणणं आहे. तीन वर्षांच्या बी.एस्सी.मुळे कित्येक मुलांचे अर्ज वाचण्याआधीच बाद होतात, त्याचंही तसंच. नावाचं तर काय सांगू? पासपोर्टवर माझ्या नावाला वडिलांचं नाव जोडलेलं आहे, गुणपत्रिकेवर आडनाव आधी आहे आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. दोन्ही ठिकाणची व्यक्ती एकच आहे, हे सिद्ध करण्यासाठी मी एका विद्यापीठाला सात मेल पाठवले.

शिफारसपत्रांच्या बाबतीत दोष आपल्या बाजूचाही आहे आणि तो मी झाकणार नाही. “तूच लिहून आण, मी सही करतो,” असं सांगणारे सर आपल्याकडे घरोघरी सापडतील. तुम्हालाही कुणीतरी तसं सांगितलं असेल. मी एका सरांना नकार दिला आणि दुसऱ्यांकडे गेले. त्यांनी स्वतः लिहिलं, रात्री जागून, कारण दिवसा परीक्षेचं काम होतं. निवृत्त माणूस, महाविद्यालयाचा ईमेल पत्ता बंद झालेला. तीन विद्यापीठांनी त्यांचं साध्या जीमेलवरून आलेलं पत्र आधी घेतलंच नाही. आठ विद्यापीठांचे आठ वेगळे फॉर्म, प्रत्येकात तेच प्रश्न: ही विद्यार्थिनी वरच्या एका टक्क्यात आहे का, पाच टक्क्यांत, दहा? सर मला म्हणाले, “अगं, पंचवीस वर्षांत किती मुलं शिकवली ते मोजलेलं नाही, टक्के कुठून आणू?” प्रामाणिक माणसाचं उत्तर होतं ते. त्यांनी दहा टक्क्यांवर खूण केली. ज्यांचे विद्यार्थीच स्वतःचं पत्र लिहितात, ते सगळे एका टक्क्यात असतात. तुम्ही वाचताना हे लक्षात ठेवावं अशी विनंती आहे.

पौडजवळच्या खुबवली गावाच्या टेकडीवर १९९७पासून एक आंतरराष्ट्रीय महाविद्यालय आहे. तिथे जगभरातून मुलं येतात आणि परदेशी विद्यापीठांत अर्ज कसा करायचा हे शिकवणारी माणसं तिथे असतात. मला त्यांचा हेवा वाटत नाही. तिथल्या एका मुलीने माझ्या अर्जातलं इंग्रजी तपासून दिलं. पण त्याच टेकडीच्या पायथ्याच्या मुलांना हे सांगणारं कुणी नाही. ती पुण्यात एजन्सीकडे जातात, आणि अनेक एजन्सींना विद्यापीठांकडूनच दलाली मिळते. तुमची विद्यापीठं ती देत असतील तर त्याबद्दल एकदा आत विचारा.

अशाच एका एजन्सीत मी गेले होते. समोरच्या माणसाने माझा मसुदा वाचला आणि म्हणाला, यात धरण खाली का ढकललंय? पहिल्या ओळीत आण. बुडालेलं गाव, विस्थापित कुटुंब, कमिटीला असलं आवडतं. खरी गोष्ट आहे ती. १९२१ साली इथे सत्याग्रह झाला, पन्नासहून अधिक गावांवर पाणी आलं, त्यांत आमचंही होतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आजी बोट करून दाखवायची, तिथे आपलं खळं होतं. तिलाही ते सासूकडून कळलेलं. पण मला माझ्या पणजीचं दुःख दाखवून जागा मिळवायची नाही. माझा प्रश्न दुसराच आहे. ताम्हिणीत वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि धरणाच्या पाण्याला लागून असलेल्या वाड्यांच्या विहिरी मार्चमध्ये तळ गाठतात. धरणाचं पाणी सह्याद्री ओलांडून भिऱ्याच्या वीजगृहात जातं, ते एक झालं. पण डोंगरात मुरलेलं पाणी कुठे जातं? आपल्या काळ्या दगडात किती साठतं, कोणत्या थरातून वाहून जातं, कोणता झरा कधी आटतो, हे आमच्या भागात कुणी वर्षानुवर्षं मोजलेलं मला सापडलं नाही. मी दोन वर्षं चार विहिरींची पातळी दर रविवारी दोरी सोडून मोजते आहे. माझ्या अर्जाची पहिली ओळ त्या चार विहिरींची आहे. एजन्सीच्या माणसाचं खरं असेल, तर मी चूक केली. तो चुकीचा आहे, असं तुम्ही मला सांगावं असं फार वाटतं.

त्या सत्याग्रहाचे नेते सेनापती बापट स्वतः परदेशी शिकायला गेलेले विद्यार्थी होते. मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर ते एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले आणि इंग्रजी राजवटीविरुद्ध बोलले म्हणून ती शिष्यवृत्ती गेली. बोलण्याची तशी धास्ती आजही आहे. गेल्या जूनपासून अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसासाठी समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवावी लागतात. माझ्या ओळखीच्या एका मुलाने धरणग्रस्तांच्या मोर्चाचे स्वतःचे फोटो काढून टाकले. तो मोर्चा कुठल्याच देशाच्या विरोधात नव्हता. त्याला भीती वाटली, एवढंच. व्हिसा तुमच्या अखत्यारीत नाही. पण प्रवेश मिळालेला मुलगा व्हिसात अडकला, तर त्याची जागा आणि त्याची मदत पुढच्या वर्षासाठी राखून ठेवणं तुमच्या विभागाच्या हातात आहे, त्याने भरलेलं डिपॉझिट परत करणंही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं होतं. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करायची त्यांना मुभा दिली. ते १९२०मध्ये परत गेले, १९२१मध्ये एम.एस्सी. आणि १९२३मध्ये डी.एस्सी. झाले. शंभर वर्षांपूर्वी एका परदेशी विद्यार्थ्यासाठी जे करता आलं, ते आज ईमेलच्या काळात अवघड नसावं.

घरात माझ्यासाठी एक स्थळ आलं आहे. मुलाकडची माणसं चांगली आहेत, त्यांनी “तिकडचं कळू द्या, मग बोलू” असं म्हटलं. वडील त्यांना रामनवमीपर्यंत थांबायला सांगून बसले आहेत, आणि रामनवमी २६ मार्चला आहे. त्यांनी ती तारीख मला विचारूनच दिली. मी तरी कशाच्या आधारावर दिली, ते माझं मलाच ठाऊक नाही.

तुम्ही पुढच्या बैठकीला जाल तेव्हा एवढं विचारा: आपण ज्यांना घेणार नाही हे ठरलेलं आहे, त्यांना अजून कळवलं का नाही? कुणी म्हणेल, यंत्रणा तशी आहे, सगळ्यांना एकदमच पत्रं जातात. तर ती पत्रं मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत जावीत, असं विचारून पाहा. आणि उत्तर न आलेल्या त्या सहा विद्यापीठांपैकी एखाद्या ठिकाणी तुम्ही स्वतः असाल, माझा अर्ज तुमच्यासमोर आला असेल आणि त्यावर नाही असं लिहिलं गेलं असेल, तर ते मला ३१ मार्चच्या आत कळवा. मला प्रयोगशाळेत सही करायची आहे, आणि कोथरूडला मावशीला फोन करायचा आहे.



आपली नम्र,
एक अर्जदार
मुळशी तालुका, जि. पुणे